खिशातलं गाणं, गाडीतला टेप

सेकंडहँड गाडी घेताना माणूस इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकतो, टायर पाहतो, पत्र्यावर बोटं वाजवून जुन्या अपघाताचा माग काढतो. स्टिरिओकडे लक्ष जातं ते व्यवहार उरकल्यावर, पहिल्या लांबच्या प्रवासाला निघताना. गाणी असतात खिशातल्या मोबाइलमध्ये किंवा बोटभर लांबीच्या एमपीथ्री प्लेअरमध्ये, आणि डॅशबोर्डवर असते कॅसेटची फट, नाहीतर सीडीची. ब्लूटूथचा पत्ता नसतो. ॲक्सेसरीजच्या दुकानात उत्तर तयारच असतं : हा काढा, टचस्क्रीनवाला बसवा.

बहुतेक वेळा त्याची गरज नसते. कंपनीतून गाडीबरोबर आलेला स्टिरिओ त्या डॅशबोर्डच्या मापाचा असतो, स्पीकर त्याला साजेसे निवडलेले असतात, आणि पंधरा-वीस वर्षं उलटली तरी त्यातला ॲम्प्लिफायर सहसा शाबूत असतो. अडतं ते एवढ्यावरच, की बाहेरचं गाणं आत शिरायला दार दिसत नाही. दार मात्र असतंच, कधी कधी दोन-तीनही असतात. त्यातलं बरं कुठलं हे कळलं, तर काही शे रुपयांत काम भागतं.

आता सगळं ऑनलाइन मिळत असताना वेगळा प्लेअर हवाच कशाला, असं कुणी विचारेल. ताम्हिणी किंवा वरंध घाटातून गाडी नेणाऱ्याला याचं उत्तर ठाऊक असतं : ऐन समेवर नेटवर्क जातं. गाणी आधी डाउनलोड करून ठेवता येतात, हे खरं. पण घरोघरी असाही ठेवा असतो जो कुठल्याच ॲपवर नाही. आजोबांच्या कीर्तनाची कॅसेट कुणीतरी चिकाटीनं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेली असते. कुणाकडे गणेशोत्सवातल्या मैफलीचं घरगुती रेकॉर्डिंग असतं, कुणाकडे आत्यानं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या असतात. असा ऐवज प्लेअरमध्ये किंवा पेनड्राइव्हवरच जिवंत राहतो, आणि निवांतपणे ऐकायला गाडीइतकी चांगली जागा आजच्या घरांत क्वचितच सापडते.

गाडीतल्या संगीताची सुरुवात रेडिओनं झाली. शिकागोच्या गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशननं १९३० मध्ये मोटारीत बसणारा रेडिओ बाजारात आणला. त्याला दिलेलं ‘मोटोरोला’ हे नाव पुढे कंपनीनंच घेतलं. पण रेडिओवर लागेल ते ऐकावं लागे. आपल्या आवडीचं गाणं गाडीत वाजवण्याचा एक धाडसी प्रयत्न क्रायस्लरनं १९५६ च्या मॉडेलांत केला : डॅशबोर्डखाली चक्क रेकॉर्ड प्लेअर. तो मिनिटाला अवघे १६⅔ फेरे घेई आणि त्याला खास तबकड्या लागत. घरच्या रेकॉर्ड त्यावर वाजत नसत. घरात एक आणि गाडीत दुसरंच, ही अडचण तेव्हापासूनची आहे.

ती सोडवली कॅसेटनं. फिलिप्सनं १९६३ मध्ये कॉम्पॅक्ट कॅसेट आणली आणि काही वर्षांत तीच कॅसेट घरच्या टेपमध्ये आणि गाडीच्या डेकमध्ये वाजू लागली. जुलै १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आल्यावर ती खिशातही वाजू लागली. वॉकमन आणि गाडी जोडायची गरज नव्हती. कॅसेट काढायची आणि डेकमध्ये सारायची. वडापच्या जीपपासून साहेबांच्या ॲम्बेसेडरपर्यंत सगळीकडे तीच कॅसेट. सर्वसामान्य ऐकणाऱ्याला इतकी सोय पुन्हा मिळायला बराच काळ जावा लागला.

पहिली फट पडली सीडीमुळे. सोनीचा हातात मावणारा सीडी प्लेअर १९८४ मध्ये आला, पण गाड्यांत डेक कॅसेटचेच होते. त्यानंतर एमपीथ्री आलं आणि प्रश्न मुळातूनच बदलला. ऑक्टोबर २००१ मध्ये ॲपलनं पहिला आयपॉड दाखवला, तेव्हा त्यात ५ जीबी जागा होती आणि खिशात हजार गाणी अशी त्याची जाहिरात होती. हजार गाणी खिशात आली खरी, पण गाणं वस्तू राहिलं नाही. डेकमध्ये सारायला हातात काही उरलंच नाही. खिसा आणि गाडी यांच्यात पूल बांधावा लागला, आणि ज्या जुगती तेव्हा निघाल्या त्यांच्यात यंत्राला चकवण्याची विलक्षण कल्पकता आहे.

त्यातली सर्वांत देखणी जुगत म्हणजे कॅसेट ॲडॉप्टर. सीडी प्लेअरसाठी १९८० च्या दशकात निघालेली ही वस्तू दिसायला साधी कॅसेटच, फक्त तिच्या कडेतून एक वायर बाहेर येते आणि वायरीच्या टोकाला हेडफोनची ३.५ मिलिमीटरची पिन असते. आत टेप नसते. खऱ्या कॅसेटमध्ये प्लास्टिकच्या फितीवर चुंबकीय कणांचा थर असतो. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगानं डेकच्या हेडसमोरून सरकते, फितीवरचं चुंबकीय क्षेत्र बदलत जातं आणि त्या बदलातून हेडमध्ये सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. तोच पुढे मोठा होऊन स्पीकरमधून ऐकू येतो. म्हणजे हेडला फितीशी काही देणंघेणं नसतं. त्याला समजतं ते फक्त बदलणारं चुंबकीय क्षेत्र. ॲडॉप्टरच्या पोटात, डेकच्या हेडच्या बरोबर समोर, तसंच दुसरं छोटं हेड बसवलेलं असतं. प्लेअरचा आवाज वायरीतून त्या हेडमध्ये येतो आणि ते हुबेहूब तसं चुंबकीय क्षेत्र तयार करतं. डेकला वाटतं, कॅसेट चालू आहे. चाकं फिरली नाहीत तर कॅसेट संपली असं समजून डेक थांबतो, म्हणून आत काही दातेरी चाकंही असतात. ती नुसतीच फिरत राहतात.

सुटे भाग मोजके आणि किंमत किरकोळ असूनही कॅसेट ॲडॉप्टरचा आवाज आश्चर्य वाटावा इतका चांगला असतो. तक्रारी येतात त्या बहुधा डेकच्या प्रकृतीमुळे. वर्षानुवर्षं न वापरलेल्या हेडवर फितीचा तपकिरी मळ बसलेला असतो आणि त्यामुळे आवाज दबका, कोंडलेला येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीनं हेड अलगद पुसलं की फरक लगेच कळतो. डेकवर डॉल्बीचं बटण असेल तर ते बंद ठेवावं, नाहीतर तार सप्तकातल्या सुरांची धार जाते. ऑटो रिव्हर्स डेक मात्र कधी कधी चाकं अडकली असं समजून पुन्हापुन्हा दिशा बदलतो आणि खटखट करत राहतो. तेव्हा वायर दुसऱ्या बाजूनं येईल असं ॲडॉप्टर उलटं घालून पाहावं.

एफएम ट्रान्समीटरही चकवतो, पण ट्यूनरला. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारं हे छोटं यंत्र म्हणजे गाडीपुरतं खासगी रेडिओ स्टेशन. प्लेअरमधलं गाणं ते ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या एखाद्या फ्रिक्वेन्सीवर प्रक्षेपित करतं आणि स्टिरिओ त्याच फ्रिक्वेन्सीवर लावला की ते वाजतं. ना वायर, ना खटपट, म्हणून आपल्याकडे सर्वांत जास्त खपलेल्या वस्तूंत त्याची गणना होते. निराशाही सर्वांत जास्त याच वस्तूनं केली असेल.

कारण त्याची ताकद मुद्दामच कमी ठेवलेली असते. शेजारच्या गाडीत आपलं गाणं घुसू नये आणि खऱ्या स्टेशनांना अडथळा होऊ नये, यासाठी देशोदेशी कडक मर्यादा आहेत. ब्रिटनमध्ये तर डिसेंबर २००६ पर्यंत हे यंत्र वापरणं बेकायदेशीर होतं. परवानगी मिळाली तीही ५० नॅनोवॉटच्या मर्यादेत, म्हणजे एका वॉटचे दोन कोटी भाग केले तर त्यातला एक. दुसरीकडे शहरातली स्टेशनं हजारो वॉटनं बोलत असतात. एफएमचा स्वभावही असा, की एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन लहरी आल्या तर जोरकस लहर दुबळीला जवळजवळ पुसूनच टाकते.

मुंबई-पुणे प्रवासात हे नेमकं अनुभवाला येतं. ९१.१, ९३.५ आणि ९८.३ या फ्रिक्वेन्सी दोन्ही शहरांत भरलेल्या आहेत, तेव्हा त्यांच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही. पण बिग एफएम पुण्यात ९५ वर आहे आणि मुंबईत ९२.७ वर. पुण्यातून निघताना ९२.७ मोकळी सापडली म्हणून ट्रान्समीटर तिथे लावणाऱ्याचं गाणं घाट उतरून मुंबईच्या जवळ येईल तसं खरखरू लागतं, आणि पाहता पाहता किशोरी आमोणकरांच्या जागी निवेदकाची बडबड सुरू होते. यावर उपाय एकच : निघण्यापूर्वी दोन्ही शहरांत मोकळ्या असलेल्या, आणि आजूबाजूलाही दाटी नसलेल्या दोन-तीन फ्रिक्वेन्सी हेरून ठेवणं. गाडीची ॲन्टेना मागच्या काचेत असेल तर ट्रान्समीटर तिच्यापासून फार दूर पडतो आणि घोळ आणखी वाढतो.

सगळं जुळून आलं तरी एफएमवरून सेकंदाला साधारण १५ हजार कंपनांपर्यंतचाच आवाज जातो. त्यावरची झिलई गळून पडते. बातम्या, कीर्तनं, पुस्तकवाचन यांना हे पुरेसं आहे. सतारीच्या तरफांचा झंकार ऐकायचा असेल, तर दुसरं दार शोधावं.

ते दार म्हणजे ऑक्स. स्टिरिओच्या दर्शनी भागावर, गिअरच्या पुढच्या खणात, ग्लोव्हबॉक्समध्ये किंवा दोन सीटांमधल्या हातटेकणीखाली ३.५ मिलिमीटरचं एक बारीक भोक असतं. गाडी घेऊन वर्षं झाली तरी ते कधी दिसलंच नाही असे मालक कमी नाहीत, म्हणून काहीही विकत घेण्याआधी टॉर्च घेऊन दहा मिनिटं शोधावं. साध्या केबलनं प्लेअर इथे जोडला की आवाज थेट ॲम्प्लिफायरकडे जातो. चुंबक नाही, लहरी नाहीत, कुणाला चकवायचं नाही. २००५ नंतरच्या दशकात बहुतेक गाड्यांत ही सोय आली. आयपॉडसाठी काही गाड्यांत दिलेल्या खास केबल्स २०१२ मध्ये ॲपलनं प्लगच बदलल्यावर ओशाळ्या होऊन लोंबत राहिल्या, हे भोक मात्र आजही तितकंच कामाचं आहे. ॲपलनं २०१६ मध्ये आयफोनमधून हेडफोनचं भोक काढून टाकलं तरीही. कारण छोटा कन्व्हर्टर लावून तो फोनही इथे जोडता येतो.

ऑक्सवर आवाज बिघडतो तो दोन कारणांनी. पहिलं म्हणजे प्लेअरचा व्हॉल्यूम. तो पूर्ण ठेवला तर आवाज फाटतो. अगदी कमी ठेवून स्टिरिओ वाढवला तर खरखर वाढते, आणि चुकून रेडिओचं बटण दाबलं गेलं तर गाडीतल्या सगळ्यांची झोप उडते. प्लेअर पाऊण पट्टीवर ठेवून बाकीचं स्टिरिओच्या नॉबवर सोडावं.

दुसरं कारण जास्त सतावणारं. गाडी सुरू झाली की गाण्यामागे बारीक शिट्टी ऐकू येते आणि ॲक्सिलरेटर दाबावा तशी ती चढत जाते. मेकॅनिक स्पीकर बदलतो, केबल बदलतो, शिट्टी जात नाही. हा आवाज अल्टरनेटरचा. प्लेअर गाडीच्याच चार्जरवर लावलेला असतो आणि त्याच वेळी ऑक्स केबलनंही जोडलेला असतो, म्हणजे गाडीच्या अर्थिंगशी त्याचं नातं दोन वाटांनी जुळतं. दोन वाटांमधून एक वेटोळं तयार होतं आणि त्यातून फिरणारा नकोसा प्रवाह गाण्यात मिसळतो. परीक्षा सोपी आहे : चार्जर काढून पाहायचा. शिट्टी थांबली, तर निदान पक्कं. मग प्लेअर त्याच्या बॅटरीवर चालवावा, किंवा केबलच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी लावावी. तिच्यातले दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर गाणं पुढे जाऊ देतात, पण दोन बाजूंची विद्युतजोडणी तोडतात. ही डबी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळावी, पण तिचं नाव घेऊन मागावी लागते.

यूएसबीचं दार असेल तर प्लेअरसुद्धा घरी ठेवता येतो; पेनड्राइव्ह पुरतो. गाणं आकड्यांच्या रूपातच आत जातं, त्याचा आवाज स्टिरिओ स्वतः तयार करतो, म्हणून खरखर किंवा शिट्टी यांचा प्रश्नच उरत नाही. कटकट असते ती वेगळीच. जुन्या स्टिरिओला फॅट-३२ या पद्धतीनं फॉरमॅट केलेलाच पेनड्राइव्ह वाचता येतो, आणि ६४ जीबीचे पेनड्राइव्ह दुकानातून येतात ते बहुधा वेगळ्या पद्धतीनं फॉरमॅट होऊन. तेव्हा ३२ जीबी किंवा त्याहून लहान घेतलेला बरा. फोन यूएसबीला लावला तर तो फक्त चार्ज होतो आणि गाणं वाजत नाही, यामागेही असंच कारण आहे : फोन आणि स्टिरिओ फायलींबद्दल वेगवेगळ्या बोलीत बोलत असतात. काही एमपीथ्री प्लेअरच्या सेटिंगमध्ये एमटीपी आणि एमएससी असे दोन पर्याय असतात. एमएससी निवडला की तो प्लेअर स्टिरिओला पेनड्राइव्हसारखाच दिसतो.

गाण्यांच्या क्रमाचं दुखणं मराठी घरांत सर्वांत जास्त जाणवतं ते गीतरामायणाच्या वेळी. गदिमांनी लिहिलेली आणि सुधीर फडक्यांनी स्वरबद्ध केलेली ही ५६ गीतं १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी क्रमानं प्रसारित झाली. कथा पुढे सरकते ती त्या क्रमानंच. पण पेनड्राइव्हवर फायलींना १, २, ३ असे आकडे दिले तर नावांनुसार क्रम लावणारा स्टिरिओ पहिल्या गीतानंतर दहावं, अकरावं, बारावं अशी उडी मारतो. दुसऱ्या प्रकारचे स्टिरिओ नावं पाहतच नाहीत. ज्या फायली आधी कॉपी झाल्या त्या आधी वाजवतात. दोन्हींवर एकच इलाज चालतो : फायलींना ०१, ०२ पासून ५६ पर्यंत दोन आकडी क्रमांक द्यायचे आणि रिकाम्या पेनड्राइव्हवर त्याच क्रमानं एकेक उतरवायच्या. मग सातारा-कोल्हापूर रस्त्यावर वनवास वनवासाच्या जागी येतो. जुन्या पडद्यांवर देवनागरी नावांऐवजी चौकोन दिसतात, तेव्हा फायलींची नावं रोमन लिपीत ठेवण्याची तडजोड करावी लागते.

ब्लूटूथबद्दल एक गैरसमज दूर व्हायला हवा. काही जुन्या गाड्यांत फोन जोडला जातो, कॉल स्पीकरवर ऐकू येतो, पण गाणं काही केल्या वाजत नाही. गाडी बिघडलेली नसते. ब्लूटूथमध्ये बोलण्यासाठी एक व्यवस्था असते आणि संगीतासाठी निराळी. संगीताच्या व्यवस्थेचं नाव ए-टू-डीपी आणि ती २००३ मध्ये ठरवली गेली. त्या गाडीत फक्त बोलण्याची व्यवस्था बसवलेली असते. अशा वेळी ऑक्समध्ये लावायचा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर घ्यावा. जुन्या स्टिरिओला आधुनिक करण्याचा हा आजचा सर्वांत समंजस मार्ग आहे. कॅसेट ॲडॉप्टरच्या पिनेलाही असा रिसीव्हर जोडता येतो, आणि कॅसेटच्या फटीतून बिनतारी गाणं वाजू लागतं.

ऑक्स नाही, यूएसबी नाही, कॅसेटही नाही, फक्त सीडी आहे, अशा गाडीचा मालक सर्वांत जास्त हवालदिल असतो. त्यानं स्टिरिओच्या पाठीमागे पाहून घ्यावं. त्या काळात डिकीत सहा किंवा दहा सीडींचा चेंजर बसवण्याची पद्धत होती आणि त्यासाठी स्टिरिओच्या मागे वेगळं सॉकेट ठेवलेलं असे. मी चेंजर आहे, असं स्टिरिओला पटवणारे मॉड्यूल मिळतात. पटलं की आत जाण्याची वाट उघडते. तेही नसेल तर ॲन्टेनाच्या वायरीत बसणारा एफएम मॉड्युलेटर हा पर्याय आहे. तो ट्रान्समीटरचाच भाऊ, पण गाणं हवेतून न पाठवता वायरीतून पाठवतो आणि तेवढ्यापुरती बाहेरची ॲन्टेना तोडतो, म्हणून मुंबईच्या वेशीवरही डळमळत नाही.

कुठलाही मार्ग घेतला तरी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. प्लेअर डॅशबोर्डवर टाकून गाडी उन्हात लावू नये. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे सावलीतच पारा ४५ अंशांवर जातो, बंद गाडीत तो आणखी चढतो, आणि लिथियमच्या बॅटरीला ते मानवत नाही. दुसरी गोष्ट जिवाशी गाठ घालणारी. गाणं बदलायला चालत्या गाडीत फोन हातात घेणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली गुन्हा ठरतो. पहिल्या वेळेलाच १ हजार ते ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. शेजारी बसलेल्या माणसाकडे प्लेअर द्यावा किंवा निघण्यापूर्वीच यादी लावून घ्यावी.

राहता राहिल्या खरोखरच जुन्या गाड्या. पद्मिनी आणि ॲम्बेसेडर जपणाऱ्या हौशी मंडळींकडे मूळचे रेडिओ अजून आहेत. त्यांतल्या अनेकांवर नुसती मीडियम वेव्ह लागते. तिथे एफएम ट्रान्समीटर निरुपयोगी, कॅसेट नाही आणि मागे सॉकेटही नाही. पण अशा रेडिओतही ट्यूनरनं पकडलेला आवाज ॲम्प्लिफायरकडे जाताना व्हॉल्यूमच्या नॉबमधून जावा लागतो. जाणकार तंत्रज्ञ नॉबच्या मागे त्या जोडावर दोन वायरी आणि कपॅसिटर टाकून एक छोटा स्विच बसवतो. एका बाजूला रेडिओ, दुसऱ्या बाजूला प्लेअर. त्या सेटला स्पीकर एकच असतो, म्हणून स्टिरिओतल्या डाव्या-उजव्या आवाजाच्या वायरी थेट एकमेकींना न जोडता प्रत्येकीत एक रेझिस्टर घालून एकत्र आणायच्या, एवढं त्याला आठवणीनं सांगावं; नाहीतर प्लेअरवर नको तो भार येतो. बाहेरून मूळ रेडिओला एक ओरखडाही पडत नाही.